प्लॉटर मागवण्याआधी चार्टचं बोला : मच्छीमार सहकारी संस्थांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळ,
सर्व मच्छीमार सहकारी संस्था, डहाणू ते वेंगुर्ला

सप्रेम नमस्कार.

१ जूनला मासेमारीची बंदी लागते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, आणि ३१ जुलैपर्यंतच्या दोन महिन्यांत संस्थेच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो : सभासदांसाठी प्लॉटर, म्हणजे होडीची जागा सागरी नकाशावर (चार्टवर) दाखवणारी यंत्रं, एकगठ्ठा घ्यायचे. मग दरपत्रकं मागवली जातात. मजकूर ठरलेला. 'रंगीत जीपीएस प्लॉटर, ७ किंवा ९ इंची, अँटेना व फिश फाइंडरसह, एक वर्ष वॉरंटी.' चार्टबद्दल असलाच तर 'चार्टसह' एवढा एक शब्द. जमीन घेताना कुंपणाचा रंग ठरवावा आणि सातबारा बघायचा राहून जावा, तसं हे होतं.

आम्ही नाशिकच्या अंबड-सातपूर भागात जहाजी इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती आणि जुळणी करणारी माणसं. डहाणूचा किनारा इथून सरळ रेषेत एकशेदहा किलोमीटर. मासळी जव्हार-त्र्यंबकच्या रस्त्याने नाहीतर कसारा चढून येते आणि बिघडलेली यंत्रंही त्याच वाटेने. यंत्र उघडल्यावर बिघाड सापडतो, तो बहुधा किरकोळ असतो. चूक खरेदीच्या वेळीच झालेली असते, आणि ती सोल्डरिंगने दुरुस्त होत नाही. म्हणून हे पत्र.

नाशकात टेबलावर प्लॉटर चालू केला की थोड्या वेळात उपग्रह सापडतात, २० अंश उत्तर, ७३ अंश ४७ मिनिटे पूर्व असं स्थान येतं, आणि पडद्यावर नुसती पिवळसर जमीन पसरते. यंत्र ठणठणीत आहे, चार्ट कोरा आहे. समुद्रात नेमकं हेच घडतं. फक्त तिथे पडदा निळा असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. विक्रेता दाखवतो तो डेमो सिम्युलेटरवरचा असतो. त्यात परदेशातलं एखादं बंदर झळकतं, एकेक बोया आणि एकेक धक्का दिसतो. तुमच्या खाडीचं तोंड त्याच यंत्रात कसं दिसतं ते त्याला तिथल्या तिथे दाखवायला लावा. पहिली चाळणी तिथेच लागते.

आपल्या किनाऱ्याचे अधिकृत चार्ट डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. त्यांचं इलेक्ट्रॉनिक रूप एस-५७ या साच्यात असतं आणि एस-६३ पद्धतीने कुलूपबंद करून विकलं जातं. हे चार्ट तुकड्यातुकड्यांनी येतात, तुकड्याला सेल म्हणतात. सेलच्या नावात पहिली दोन अक्षरं देशाची, भारतासाठी 'आयएन', आणि त्यापुढचा आकडा १ ते ६. १ म्हणजे अख्ख्या समुद्राचा ढोबळ आढावा, ३ म्हणजे किनारपट्टी, ५ म्हणजे बंदर, ६ म्हणजे धक्क्याला लागण्यापुरता. विक्रेता 'अधिकृत चार्ट आहे' म्हणाला तर पुढचा प्रश्न हा विचारा : आमच्या बंदराशी कितव्या आकड्याचा सेल आहे? ३ म्हणाला तर त्या चार्टवर समुद्रात जाता येईल, खाडीत शिरता येणार नाही.

दुसरा प्रकार खासगी कंपन्यांच्या चार्टचा : सी-मॅप, नॅव्हिऑनिक्स वगैरे. गार्मिन, फुरुनो, लॉरन्स, सिमरॅड यांच्या छोट्या प्लॉटरांत हेच चालतात. यांचा पाया अधिकृत सर्वेक्षणाचाच. वर कंपनीची मांडणी, आणि काही ठिकाणी इतर नौकांनी पाठवलेल्या खोलीच्या नोंदी. ते वाईट नसतात. पण पाया ज्या सर्वेक्षणाचा आहे त्यापेक्षा ते अचूक असू शकत नाहीत, मग खोलीच्या रेषा कितीही गुळगुळीत दिसोत. मोबाइलवरच्या रस्त्यांच्या नकाशात खोली नसतेच. तो जेट्टीपर्यंत जायला ठीक.

तिसरा प्रकार कार्डात 'सगळं जग' भरून चहापाण्याच्या पैशात मिळणारा. ती बहुधा सीएम-९३ या जुन्या संचाची चोरटी नक्कल असते, दहा-पंधरा वर्षांत हात न लागलेली. कोचीजवळ २५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' हे कंटेनरजहाज बुडालं. तसला चार्ट घेऊन तिथे जाळं ओढणाऱ्याला खाली काय पडलंय ते कळायचंच नाही. आणि इतक्या लांब कशाला, वाढवणला बंदराचं काम सुरू झालंय. भराव, लाटरोधक बांध, गाळ काढलेला मार्ग यांनी डहाणूपुढचा समुद्र येती काही वर्षं बदलत राहणार. तिथल्या संस्थांनी सुधारणा न मिळणारा चार्ट फुकट दिला तरी घेऊ नये.

आता प्रमाणाचं. १:५०,००० च्या चार्टवर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. १:३,००,००० वर तेवढाच मिलिमीटर ३०० मीटर. प्लॉटरवर बोटाने चित्र मोठं करता येतं, पण मोजणी मोठी होत नाही. मूळ चार्टवर जो खडक एका ठिपक्याचा होता तो ठिपकाच राहतो, फक्त त्याच्या आजूबाजूला तुम्हाला मोकळं पाणी 'दिसायला' लागतं. चांगलं सॉफ्टवेअर अशा वेळी उभ्या रेघा किंवा 'ओव्हरझूम'ची सूचना दाखवतं. ही सूचना बंद करून ठेवायची सोय असते आणि लोक ती बंद करतात, कारण रेघा डोळ्यांना टोचतात. टोचू द्या.

उलटी चूकही होते. चित्र लहान केलं की पडदा भरून जाऊ नये म्हणून चार्ट काही गोष्टी आपोआप लपवतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्होल्वो ओशन शर्यतीतली 'वेस्टास विंड' ही नौका मॉरिशसच्या ईशान्येला कारगादोस काराहोसच्या खडकांवर रात्री चढली. नौकेवर नामांकित दिशादर्शक होता, उत्तम यंत्रं होती. मार्ग आखताना चार्ट पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता आणि लहान चित्रात त्या खडकांचा धोका दिसत नव्हता. नवीन वाट आखली की तिच्या टोकापासून टोकापर्यंत मोठं चित्र करून एकदा सरकत जायचं. मुरुड ते रत्नागिरी असा मार्ग तपासायला पंधरा मिनिटं पुरतात.

अधिकृत चार्टमध्ये आणखी एक थर असतो, तो क्वचितच कुणी उघडतो : सर्वेक्षणाचा विश्वासदर्जा. ए-१ असेल तर जागेची चूक ५ मीटरच्या आसपास, ए-२ असेल तर २० मीटर, बी ला ५० मीटर, सी ला ५०० मीटर. डी म्हणजे त्याहून वाईट आणि यू म्हणजे दर्जा ठरवलेलाच नाही. तुमच्या जीपीएसची चूक ५ ते १० मीटर असते. सी दर्जाच्या भागात तुम्ही कुठे आहात हे पक्कं माहीत असतं, खडक कुठे आहे हे नसतं. महाग अँटेना घेऊन यातलं काही सुधारत नाही, आणि पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाची वाळू सरकली तर ए-१ दर्जाही कामाचा नाही. तिथे तांडेलाची (होडी चालवणाऱ्या प्रमुखाची) नजर आणि मोजदोरी.

खोलीचा आकडा कशापासून मोजतात? नाशिककराला हे समजावून सांगावं लागत नाही. गोदावरीला पूर आला की अख्खं गाव विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं? गुडघ्याला, कमरेला की गळ्याला. मूर्ती जागची हलत नाही, म्हणून त्या मोजण्याला अर्थ आहे. चार्टलाही असाच न हलणारा मारुती लागतो : जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीची पातळी. चार्टवरची खोली त्या शून्यापासून खाली, भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची त्याच शून्यापासून वर. दोन्हींची बेरीज म्हणजे त्या घडीचं पाणी. चार्टवर ०.८ मीटर आणि तक्त्यात ४.५ असेल तर ५.३ मीटर पाणी. होडी १.८ मीटर बुडत असेल आणि खाली ०.७ मीटर मोकळं हवं असेल, तर तक्त्यात किमान १.७ दिसेपर्यंत थांबायचं. उधाणाला आणि भांगेला (कमी चढउताराच्या भरतीला) हे गणित वेगळं येतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

यात एक सापळा आहे. खोलीचा आकडा अधोरेखित असेल तर तो खोलीचा नसतोच. अधोरेखित २ म्हणजे ओहोटीला दोन मीटर उघडी पडणारी जागा. छोट्या पडद्यावर ती खालची रेघ केसाएवढी असते. दुसरा सापळा एककांचा : तांडेल वावात (एक वाव म्हणजे सहा फूट) बोलतो, चार्ट मीटरमध्ये असतो, आणि जुना फिश फाइंडर फुटांत लावलेला. पडद्यावर १० दिसले तर मीटरच्या हिशोबाने साडेपाच वाव, फुटांच्या हिशोबाने पावणेदोन वावही नाहीत. सगळ्या यंत्रांवर एकच एकक ठेवा, आणि कुठलं ते केबिनच्या फळीवर रंगाने लिहा.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत (दशांशातले अंश, दशांशातली मिनिटं, आणि अंश-मिनिटं-सेकंद) आणि त्यांच्या सरमिसळीने जेवढी जाळी फाटली असतील तेवढी खडकांनीही नसतील. १८ अंश ५५.५० मिनिटे हा आकडा कुणी १८ अंश ५५ मिनिटे ५० सेकंद असा भरला, तर २० सेकंदांचा फरक पडतो. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. एक सेकंद जवळजवळ ३१ मीटर. म्हणजे सहाशे मीटरच्या वर चूक. हैदराबादच्या इन्कॉइसकडून येणारी संभाव्य मासळी क्षेत्राची सूचना, वायरलेसवर शेजारच्या होडीने सांगितलेली जागा आणि जुन्या वहीतली नोंद यंत्रात भरण्याआधी पद्धत विचारून घ्या. वही फार जुनी असेल आणि नोंदी कागदी चार्टवरून उतरवलेल्या असतील तर आधारपद्धतीही, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मापावर मोजले आहेत तेही, पाहा. भारतातले जुने नकाशे एव्हरेस्ट पद्धतीचे, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीचा. मुंबईच्या आसपास या दोहोंत शे-सव्वाशे मीटरचं अंतर पडतं.

आता यंत्र आणि सॉफ्टवेअर. सगळ्या सभासदांना एकच नग घेण्याचा मोह टाळा. दर कमी मिळतो हे खरं, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या बाहेरच्या इंजिनाच्या होडीला ९ इंची प्लॉटर म्हणजे बैलगाडीला एसी. तिथे पाणी न शिरणारा हातातला जीपीएस आणि मोबाइलवर आधीच उतरवून ठेवलेला चार्ट पुरतो. मोबाइल उन्हात तापला की स्वतःहून बंद होतो, आणि काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब पडले की बोट न लावताच चित्र पळायला लागतं. म्हणून एकट्या मोबाइलवर विसंबू नका.

दोन-चार दिवस बाहेर राहणाऱ्या डोलीच्या आणि दालदीच्या जाळ्यांच्या होड्यांना ७ ते ९ इंची, बटणांचा प्लॉटर चांगला. बटणांचा, टचस्क्रीनचा नव्हे. ओले हात, हातमोजे, माशांचे खवले. टचस्क्रीन या तिन्हींना नाही म्हणतो. भर उन्हात वाचता यावा असा पडदा हजार निटच्या आसपास उजेडाचा लागतो. साधा लॅपटॉप अडीचशे-तीनशेचा असतो, दुपारी त्यात स्वतःचं तोंड दिसतं.

मोठ्या ट्रॉलरला संगणकावरचं सॉफ्टवेअर परवडतं, कारण तिथे खरी कमाई तळाच्या नकाशात आहे. नॉर्वेचं ओलेक्स, टाइमझीरो प्रोफेशनलचं तळ रेखाटणारं मॉड्यूल, छोट्या यंत्रांत गार्मिनचं क्विकड्रॉ किंवा लॉरन्स-सिमरॅडचं जेनेसिस लाइव्ह हे सगळे तुमच्याच इको साउंडरची (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्राची) खोली आणि तुमचंच स्थान जोडून तळ रंगवत जातात. एका हंगामात तुमच्या फिरतीच्या भागाचा असा नकाशा तयार होतो, जो कुठल्याही कार्डात विकत मिळत नाही. मात्र तीन गोष्टी आधी बसवायला हव्यात. ट्रान्सड्यूसर (इको साउंडरचा पाण्यातला भाग) पाण्याच्या पातळीखाली किती आहे तो आकडा. अँटेना आणि ट्रान्सड्यूसर यांतलं आडवं अंतर. केबिन मागे आणि ट्रान्सड्यूसर मध्ये असेल तर ते सहज पाच मीटर भरतं. आणि भरतीची वजावट. सॉफ्टवेअर ती करतं का, हे विचारा. करत नसेल तर उधाणाच्या भरतीला आणि ओहोटीला ओढलेल्या दोन फेऱ्यांत एकाच जागी तीन-चार मीटरचा डोंगर उभा राहतो, जो मुळात नाहीच.

ट्रॉलरवाल्यांसाठी आणखी एक. जाळं अडकलं की तांडेल बटण दाबून खूण करतो, ती खूण होडीची असते, अडकणीची नव्हे. ३० मीटर पाण्यात १५० मीटर वायर सोडलेली असेल तर वायरचं टोक होडीच्या मागे १४७ मीटरवर, आणि जाळं त्याच्याही मागे. तीस मीटर जाळं धरलं तर अडकण पावणेदोनशे मीटर मागे आहे. खूण तेवढी मागे सरकवायची सवय लावली नाही, तर पुढच्या फेरीला होडी खुणेला वळसा घालून नेमकी अडकणीवरून जाते. काही सॉफ्टवेअरांत वायरची लांबी भरली की जाळ्याची जागा वेगळी दिसते. ट्रॉलरसाठी घेताना ही सोय मागा.

ओपनसीपीएन हे संगणकासाठी फुकट मिळणारं चार्ट दाखवायचं सॉफ्टवेअर आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालतं, आणि आमच्या मते शिकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण सॉफ्टवेअर फुकट म्हणजे चार्ट फुकट नव्हे. चार्ट न भरता ते उघडलं तरी जगाचा ढोबळ किनारा दिसतो, त्याला खोली नसते आणि खाड्यांची तोंडं भलतीकडे. कित्येकांना तोच चार्ट वाटतो. एस-६३ चार्ट त्यात चालवायला वेगळं प्लगइन आणि परवाना लागतो, आणि ते उघडताना 'फक्त यावर विसंबू नका' अशी ताकीद येते, ती खरी आहे.

संगणक ठेवायचा तर पंख्याचा नको. पंखा खारी हवा आत ओढतो. पंखा नसलेला छोटा पीसी, एसएसडीचा, थेट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा. इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावून जाऊ नये. झोपेची आणि आपोआप अपडेटची सेटिंगं बंद करा. खाडीच्या तोंडाशी संगणक 'कृपया थांबा' म्हणत फिरत बसला तर थांबणार कुठे? यूएसबी जीपीएस लावल्यावर माउसचा बाण स्वतःहून पडद्यावर नाचायला लागला तर व्हायरस शोधू नका. विंडोजने जीपीएसला जुन्या पद्धतीचा सीरियल माउस समजलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो 'बॉलपॉइंट' माउस शोधून बंद केला की नाच थांबतो. संगणक कितीही भारी घेतला तरी शेजारी वेगळ्या फ्यूजवर साधा आकड्यांचा जीपीएस हवाच.

वायरिंगबद्दल थोडक्यात, कारण तो आमचा धंदा आहे आणि सुरू झालो तर थांबणार नाही. बॅटरी ते केबिन १० मीटर असेल तर जायचं-यायचं मिळून २० मीटर तांबं. १.५ चौरस मिलिमीटर वायरीतून ५ अँपिअर गेले की १.१७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ४ चौरस मिलिमीटरमधून गेले तर अर्ध्या व्होल्टहून कमी. इंजिन स्टार्ट करताना प्लॉटर बंद होऊन परत सुरू होतो, ही तक्रार घेऊन येणाऱ्या यंत्रांत यंत्राचा दोष क्वचितच असतो. वायर कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या. साध्या तांब्याचा जोड दोन पावसाळ्यांनी उघडून पाहा : इन्सुलेशन सोललं की आतून हिरवी पूड सांडते आणि बोटाला चिकटते.

यंत्रं एनएमईए ०१८३ या पद्धतीने एकमेकांना माहिती देतात. तिच्या तारेवर बोलणारा एकच असतो, ऐकणारे अनेक चालतात. जीपीएस आणि एआयएस (आसपासच्या नौका दाखवणारं यंत्र) दोघांच्या बोलणाऱ्या तारा एकत्र पिळल्या की दोघंही मुके. जीपीएस ४८०० बॉडच्या वेगाने बोलतो, एआयएस ३८४०० वर. दोन्ही हवे असतील तर मध्ये मल्टिप्लेक्सर, म्हणजे दोघांचं बोलणं एका तारेत घालणारी पेटी. एनएमईए २००० ही नवी पद्धत घेतली तर मुख्य तारेच्या दोन टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाचे रोधक). वीज बंद करून मीटर लावा, दोन्ही डेटा तारांमध्ये ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर गायब आहे, ४० आले तर कुणीतरी तिसरा लावलाय. आणि स्वस्त एलईडी दिवे लावल्यावर वायरलेस खरखरायला लागला, एआयएसवर होड्या दिसेनाशा झाल्या, तर आधी दिवे बंद करून पाहा.

जुनी यंत्रं घेणाऱ्यांनी तारीख तपासावी. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री जीपीएसची आठवड्यांची मोजणी १०२३ वरून पुन्हा शून्यावर आली. जी यंत्रं सुधारली गेली नाहीत ती १९ वर्षं ७ महिने मागची तारीख दाखवतात. स्थान बरोबर येतं, पण यंत्रातलं भरतीचं पान मागच्या तारखेचं असतं.

सरकारी ट्रान्सपॉन्डरचा आणि प्लॉटरचा गोंधळ नको. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये ज्याची सुरुवात झाली, त्या योजनेत १३ किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. इस्रोचं तंत्र, दोन्ही बाजूंनी संदेश, संकटाची हाक, हद्दीची सूचना. हे सगळं मोलाचं आहे, ते लावलेलंच असावं. पण ते चार्ट नव्हे. त्यावर खडकाची खोली बघून वाट काढायची नसते. उलट प्लॉटरमध्ये हद्दीची रेघ काढून ट्रान्सपॉन्डर बंद ठेवणं हा मूर्खपणा आहे. कच्छमधल्या जखाऊकडे जाणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय हद्दीची इशारारेघ खासगी चार्टवर छापलेल्या रेघेवर न ठेवता, मत्स्य विभाग किंवा तटरक्षक दलाने दिलेल्या आकड्यांवरून किमान १० मैल अलीकडे आखावी. रेघ ५ मैलांवरच ठेवली तर ८ नॉट वेगाने ते ५ मैल सदतीस मिनिटांत संपतात, तेवढा वेळ जाळं ओढून घेण्यातच जातो. रात्री इंजिन बंद करून झोपलं तर प्रवाह होडी नेतोच. आणि यंत्रातला बारीक बीप इंजिनाच्या आवाजात कुणालाही ऐकू जात नाही. बाहेरचा बझर लावून घ्या.

नाखव्याच्या जागा ही त्याची मिळकत आहे, कधी कधी बापाकडून आलेली. दुरुस्तीला दिलेल्या यंत्रातून त्या दुसऱ्याच्या यंत्रात गेल्याच्या तक्रारी आमच्या धंद्याला शोभत नाहीत, पण त्या खोट्याही नाहीत. यंत्र देण्याआधी वेपॉइंट (साठवलेल्या जागा) जीपीएक्स या फाइलच्या साच्यात कार्डावर काढा, कार्ड घरी ठेवा, यंत्रातून पुसा. जीपीएक्समध्ये खुणेचं नाव आणि जागा टिकते, रंग आणि चिन्ह टिकेलच असं नाही. म्हणून खडक, अडकण, बुडालेली होडी हे नावातच लिहा. ट्रॅकचंही (होडी फिरलेल्या वाटेच्या नोंदीचं) गणित आहे. ३०,००० ठिपक्यांची जागा असेल आणि दर १० सेकंदांनी ठिपका पडत असेल, तर ८३ तासांत जागा संपते आणि यंत्र पहिल्या दिवसाची वाट पुसायला घेतं. वेळेऐवजी अंतरावर लावा, ०.०५ मैलाला एक ठिपका. तेवढ्याच जागेत दीड हजार मैल मावतात.

दरपत्रक मागवताना खालचा मजकूर जसाच्या तसा वापरलात तरी आमची हरकत नाही :

'चार्ट कोणाचा, कोणत्या आवृत्तीचा, कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेला. आमच्या बंदराच्या तोंडाशी व नेहमीच्या मासेमारी क्षेत्रात त्याचे मूळ प्रमाण किती. सुधारणा किती वर्षे मिळणार व इंटरनेट नसताना कशा भरायच्या. मुदत संपल्यावर चार्ट दिसत राहणार की बंद होणार. यंत्र निकामी झाल्यास चार्टचा परवाना बदली यंत्रावर मिळणार का व किती दिवसांत. वेपॉइंट व ट्रॅक जीपीएक्समध्ये काढता येतात का. वायरची जाडी व फ्यूज. उरलेली रक्कम बंदरातील चाचणीनंतर.'

परवान्याचा मुद्दा वकिली वाटेल, पण एस-६३ चार्टची किल्ली त्या एकाच यंत्राला जोडलेली असते. यंत्र ऑक्टोबरात जळलं आणि बदली यंत्राची किल्ली डिसेंबरात आली, तर मधला हंगाम गेला.

बंदरातली चाचणी दोन तासांची आहे. एका होडीवर यंत्र बसवा, पाणी ओहोटीला असताना जेट्टीला बांधा. पडद्यावर होडी जेट्टीलगत दिसली पाहिजे. वीसेक मीटरहून जास्त लांब, पाण्यात किंवा जमिनीवर दिसली तर आधारपद्धतीचं सेटिंग आणि चार्टचं प्रमाण दोन्ही पाहा. इंजिन तीनदा बंद-चालू करा, प्लॉटर एकदाही विझता कामा नये. मग तारच काढा आणि दहा मिनिटांनी लावा. वेपॉइंट जिथल्या तिथे हवेत. शिशाचं वजन बांधलेली, वावावर गाठी मारलेली दोरी ट्रान्सड्यूसरच्या शेजारी सोडा आणि इको साउंडरशी ताडून पाहा, पाच मीटर पाण्यात वीतभराहून जास्त फरक नको. शेवटी खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन या, पडदा बघत नव्हे, पाणी बघत. आणि पडद्यावरचं तोंड व समोरचं तोंड किती सारखं आहे ते तांडेलाला विचारा. तो नाही म्हणाला तर विक्रेत्याला ते तिथेच, सगळ्यांसमोर सांगा.

दरपत्रकं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मागवलीत तर चाचणीला जुलै मिळतो. पावसात समुद्रात जाता येत नसेल, तर खाडीच्या आत हे सगळं होतं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बसवलेल्या यंत्रांची चाचणी कुणी करत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
अंबड-सातपूर भागातील जहाजी इलेक्ट्रॉनिक्स कारागीर,
नाशिक